आधी आपली पट्टी तपासावी

बीपी मोजताना दंडाला गुंडाळायची पट्टी लहान पडली, तर रक्तदाब असतो त्याहून जास्त दिसतो. हे एम.बी.बी.एस.ला शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. तरीही इथे प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका धिप्पाड गृहस्थांची गोळी मी नेहमीच्या पट्टीवर विसंबून वाढवली, आणि ते घरी चक्कर येऊन पडले. थोडक्यात निभावले. मोठ्या पट्टीने मोजले, तर रक्तदाब ठीकच होता!

ही आठवण निघाली ती प्लँक उपग्रहाविषयी वाचताना. विश्वाच्या बाल्यावस्थेतला प्रकाश आजही सूक्ष्मलहरींच्या रूपाने सर्व दिशांनी येतो. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अवघे २.७ अंश. या लहरींच्या कंपनाला किंचित एका दिशेचा कल असतो; त्याला ध्रुवीकरण म्हणतात. पहिले तारे केव्हा पेटले, याची खूण त्यात सापडते. पण ही खूण एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही बारीक! अशा वेळी यंत्राचा दोषच आकाशाचे सत्य वाटू शकतो. दुर्बिणीच्या नजरेचा ठिपका गोल नसून लांबट असला, तरी उत्तर बदलते. पुण्याच्या 'आयुका'तील तरुण सौरदीप व सहकाऱ्यांनी २००४ साली याचे गणित मांडले.

प्लँक २००९ मध्ये अवकाशात गेला. त्यातल्या एका उपकरणात, संकेताचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाच्या पायऱ्या असमान निघाल्या. जणू फूटपट्टीवरच्या रेघा कमीजास्त अंतरावर छापलेल्या. जानेवारी २०१२ मध्ये ते उपकरण थंड ठेवणारे हेलियम संपले, त्याचे आकाश पाहणे थांबले. तरी शास्त्रज्ञांनी ते चालूच ठेवले, त्याच्याच पायऱ्या मोजण्यासाठी. २०१५ साली नकाशे प्रसिद्ध करताना ध्रुवीकरणाचा संशयास्पद भाग त्यांनी मागे ठेवला. जग वाट पाहत होते, तरीही. अंतिम निकाल आला २०१८ मध्ये. पहिल्या ताऱ्यांच्या खुणेचा आकडा २००३ साली डब्ल्यूमॅप उपग्रहाने ०.१७ दिला होता. प्लँकच्या हाती तो ०.०५४ आला.

खरे बोलावे, हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. पण खात्री नसताना थांबणे हाही सत्याचाच भाग आहे का? मला वाटते, आहे. मात्र छातीत कळ आलेल्या रुग्णापुढे डॉक्टरला तीन वर्षे थांबता येत नाही. तिथे निर्णय घ्यावाच लागतो. पण आपली खात्री किती, हेही सांगावे लागते. ज्याला थांबता येते, त्याने घाई करू नये. ज्याला थांबता येत नाही, त्याने शंका लपवू नये.

घरीही हेच. इथे वाढलेली आपली मुले मराठीत उत्तर देत नाहीत, म्हणजे त्यांना आपुलकी नाही, असा निकाल आपण किती पटकन देतो! तो मुलांचा दोष, की आपल्या पट्टीचा?

त्या गृहस्थांना मी सगळे सांगितले. ते म्हणाले, "डॉक्टर, आता प्रत्येक वेळी पट्टी मीच बघणार." अजूनही बघतात. आणि त्यांच्या आधी मी बघतो.