जवळचा रस्ता

प्रवासभत्त्याची बिले तपासण्याचे काम माझ्या टेबलावर आले त्याला आता नऊ वर्षे होत आली. सरकारी नोकर दोन गावांमध्ये कोणत्या वाटेने गेला असे मानावयाचे, याविषयी पूरक नियमांत एक नियम आहे. त्याचा आशय असा की, प्रवास सर्वांत जवळच्या व्यवहार्य मार्गाने झाला असे धरावे; आणि जवळचा मार्ग म्हणजे ज्याने प्रवासी रूढ साधनांनी लवकरात लवकर पोहोचू शकेल तो. अंतराची व्याख्या काळाने करणाऱ्या त्या अज्ञात नियमकर्त्याचे मला प्रथम मोठे कौतुक वाटले होते. पुढे कौतुक ओसरले आणि लाल शाई तेवढी उरली.

या नियमाकडे पुन्हा पाहण्याचा प्रसंग आला तो एका ट्रकमुळे. एका सहकाऱ्याची बदली मुंबईस झाली. त्याचे सामान पाठविण्यासाठी आम्ही दोघे इथल्या, म्हणजे इंदूरच्या, ट्रान्सपोर्ट नगरात गेलो. मुनीमजींनी आमच्यासमोरच फेरीचा हिशेब मांडला. मानपूर, धामनोद, सेंधवा, शिरपूर, धुळे, नाशिक, मुंबई : सहाशेच्या आतबाहेर किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर जाईल असे धरून डिझेल, टोलची रक्कम, ड्रायव्हर आणि क्लीनर यांची खर्ची, आणि माल पोहोचण्याची वेळ. ठरलेल्या रकमेतून वाचेल ते ड्रायव्हरचे. कमी पडेल तेही त्याचेच. पाच मिनिटांत सारे आटोपले. त्या हिशेबात लबाडी अशी काही नव्हती. मुनीमजी सज्जन गृहस्थ. त्यांनी आम्हांला आग्रहाने चहा पाजला.

बाहेर ड्रायव्हर ताडपत्रीची दोरी आवळीत होता. "उस्ताद, सामान नीट पोहोचेल ना?" असे माझ्या सहकाऱ्याने विचारले. तो म्हणाला, "घाट उतरलो की पोहोचलेच समजा, साहेब."

हा घाट माळव्यातल्या वाचकांना सांगावयास नको. मानपूरहून धामनोदकडे, माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरताना लागणाऱ्या गणेश घाटात आजवर किती ट्रक ब्रेक निकामी होऊन पुढच्या वाहनांवर आदळले, त्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो. तेथे अलीकडे नवा रस्ताही काढावा लागला. अशा उतारावर पुष्कळ ड्रायव्हर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, डिझेल वाचावे म्हणून. इंजिनाचा आवर सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. (नव्या इंजिनांत तर ही बचतही बहुतांशी भ्रामकच आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरली तर इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. पण हे त्या माणसास कोणी सांगितले आहे?)

आता प्रश्न असा की, या अपघाताचे पाप कोणाच्या माथी? पंचनाम्यात उत्तर सोपे असते : चालकाचा निष्काळजीपणा. गीतेच्या अठराव्या अध्यायात मात्र कोणत्याही कर्माची कारणे पाच सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्यास तेथे दुर्मती म्हटले आहे. तो उपदेश अहंकाराच्या निरसनासाठी आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही मला वाटते की दुसऱ्या एकट्यालाच कर्ता समजणे हीदेखील तितकीच दुर्मती होय. घाट हे अधिष्ठान, तापलेले ब्रेक हे साधन, आणि ज्या कागदावर डिझेलचा आकडा पडला तो कागदही साधनच. त्यावर लिहिणारा हात पंचनाम्यात येत नाही.

यावर कोणी म्हणेल की ड्रायव्हर स्वतंत्र आहे. गाडी गिअरमध्ये ठेवणारेही पुष्कळ आहेत. खरे आहे. मोहाला बळी पडणारा निर्दोष ठरत नाही. परंतु जो जपून उतरतो त्याला उशीर होतो, आणि आपल्या समजुतीप्रमाणे दोन पैशांवर पाणी सोडावे लागते. ज्या व्यवस्थेत सावधपणाची किंमत एकाच्याच खिशातून जाते आणि तिचा लाभ मालक, गिऱ्हाईक आणि रस्त्यावरचा प्रत्येक प्रवासी घेतो, ती व्यवस्था त्याच्या स्वातंत्र्याची ग्वाही देते तेव्हा मला संकोच वाटतो.

मार्ग ठरविणे हे आता मोठे शास्त्र झाले आहे. दहाच ठिकाणी माल द्यावयाचा असला तरी त्या ठिकाणांचे क्रम 36,28,800 होतात. सन 1959 मध्ये डँटझिग आणि रॅम्झर या दोघांनी पेट्रोल वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या फेऱ्यांचे कोडे गणिताने मांडले. त्याचे साध्य एकच, एकूण मैल कमीत कमी व्हावेत. आजची यंत्रे त्याच वंशातली. गणित निर्दय असतेच असे नाही. अमेरिकेतील एक मोठी पार्सल कंपनी आपल्या गाड्यांना शक्य तो डावीकडे वळू देत नाही, कारण तिकडच्या उजव्या बाजूच्या वाहतुकीत डावे वळण म्हणजे समोरून येणारी रांग कापणे. त्यासाठी थोडे अंतर वाढले तरी तिला चालते. म्हणजे धोका आकड्यात बसतो, बसविणारा हवा. आपल्याकडेही 1961 साली मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाचे 8 आणि आठवड्याचे 48 तास अशी मर्यादा कायद्यात घातली गेली. मुनीमजींच्या हिशेबात किलोमीटर होते, लिटर होते, रुपये होते. झोपेचा रकाना मला दिसला नाही.

आणि मी तो विचारलाही नाही. उलट, "परवा सकाळपर्यंत मिळेल ना?" हे दोनदा विचारणारा मीच होतो.

घरी परतताना मला एक जुने बिल आठवले. आमच्याच कचेरीतील एक वयस्क कर्मचारी पावसाळ्यात धामनोदहून इंदूरला परतताना, घाटात अपघात होऊन वाट बंद झाली म्हणून, महेश्वर, मंडलेश्वर आणि जाम घाट अशा वळशाने आले होते. मी नियमावर बोट ठेवून ते जादा अंतर छाटले. नियम पाळल्याचे समाधानही मला झाले. वस्तुतः त्याच्याच पुढचा नियम सांगतो की विशेष कारणे नमूद करून सक्षम अधिकारी दुसऱ्या मार्गाचा भत्ता मंजूर करू शकतो. तो मला पाठ होता. दोन ओळींची टिप्पणी लिहून मी कागद वर पाठविला असता तर भागले असते. त्या दोन ओळींचा कंटाळा, एवढेच खरे कारण. ते गृहस्थ मुकाट्याने सही करून गेले. पुढे निवृत्त झाले.

सहकाऱ्याचे सामान मुंबईस एक दिवस उशिरा पोहोचले. त्याचा फोन आला : सारे सुखरूप आहे, एक कपदेखील फुटलेला नाही, पण ठरलेली वेळ चुकली, तेव्हा मुनीमजींना सांगून भाड्यात काही कापता येईल का ते पाहावे. असे काही कापले गेले तर ते कोणाच्या खर्चीतून जाईल, हे मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुमचे म्हणणे बरोबर आहे, पण ठरले होते ना!"

मी अद्याप ट्रान्सपोर्ट नगरात गेलेलो नाही.