समान अंतर आणि समान माप : शीतयुद्धाच्या अभ्यासातील एक नैतिक प्रश्न

१

शीतयुद्धावर आज प्रबंध लिहू पाहणारा विद्यार्थी बहुधा डिसेंबर १९९१ नंतर जन्मलेला असतो. सोव्हिएत संघराज्याचे विसर्जन ही त्याच्या लेखी घटना नसते, ते एक गृहीत असते. ज्या संघर्षाचा शेवट काय होईल, किंबहुना त्या शेवटी माणूस शिल्लक राहील की नाही, हे त्यात जगणाऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते, त्या संघर्षाकडे हा विद्यार्थी निकाल हाती घेऊनच येतो. इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाची स्थिती काही प्रमाणात अशीच असते, हे खरे. परंतु येथे संघर्ष भूभागासाठी होता तितकाच माणसाच्या स्वातंत्र्याची आणि समतेची व्याख्या कोणी करावयाची यासाठीही होता. त्यामुळे निकालाचे ज्ञान हे नकळत मूल्यनिर्णयाचे रूप घेते : जो टिकला त्याचे म्हणणे खरे होते, असे मानण्याकडे मनाचा कल होतो.

‘शीतयुद्ध’ ही संज्ञा जॉर्ज ऑर्वेलने ऑक्टोबर १९४५ मधील एका लेखात योजली आणि १९४७ मध्ये वॉल्टर लिपमनच्या पुस्तकाने ती रूढ केली. म्हणजे ज्या शब्दाच्या छायेत हा सारा अभ्यास चालतो तो एका कादंबरीकाराच्या लेखणीतून आलेला आहे. त्यानंतरच्या इतिहासलेखनाचे टप्पे सर्वपरिचित आहेत. आरंभीच्या परंपरानिष्ठ इतिहासकारांनी दोष मॉस्कोकडे दिला. १९५९ मध्ये विल्यम ॲपलमन विल्यम्सने तो बऱ्याच अंशी वॉशिंग्टनच्या आर्थिक विस्तारवादाकडे वळवला. पुढे जॉन लुईस गॅडिससारख्यांनी समन्वयाचा प्रयत्न केला. याच गॅडिसने १९९७ मध्ये, सोव्हिएत दप्तरे अंशतः खुली झाल्यावर लिहिलेल्या ग्रंथाला ‘आता आपल्याला कळले आहे’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. त्या शीर्षकातील ‘आता’ हा शब्दच अभ्यासकापुढील नैतिक अडचण सूचित करतो.

या अडचणीतून सुटण्यासाठी विद्यार्थी सामान्यतः दोन वाटांपैकी एक वाट धरतो. पहिली विजेत्याच्या इतिहासाची. दुसरी अधिक सभ्य दिसणारी वाट म्हणजे दोन्ही महासत्तांपासून सारखे अंतर राखण्याची. ‘दोन्ही बाजू सारख्याच’ हे तिचे सूत्र. पहिल्या वाटेतील दोष उघड आहे. दुसरीतील दोष मात्र निःपक्षपातीपणाच्या वेषात येत असल्यामुळे अधिक काळजीपूर्वक तपासावा लागतो. समान अंतर आणि समान माप या दोन भिन्न गोष्टी आहेत. समान अंतर हे अभ्यासापूर्वीच ठरते. समान माप लावल्यावर काय निष्पन्न होईल हे अगोदर सांगता येत नाही. हा भेद स्पष्ट करण्यासाठी साहित्यव्यवहारातील काही प्रकरणे उपयोगी पडतात, कारण या संघर्षात लेखक हा एकाच वेळी साक्षीदार, साधन आणि बळी होता.

२

बोरिस पास्तरनाकची ‘डॉक्टर झिवागो’ ही कादंबरी १९५६ मध्ये ‘नोवी मीर’ या नियतकालिकाच्या संपादकांनी नाकारली. १९५७ मध्ये ती मिलानच्या फेल्त्रिनेल्लीने इटालियन भाषांतराच्या रूपात प्रसिद्ध केली. हा प्रकाशक इटालियन कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तुळातील होता, ही गोष्ट पुढच्या गदारोळात झाकली गेली. ऑक्टोबर १९५८ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले. लेखक संघाने पास्तरनाकला काढून टाकले आणि काही दिवसांतच त्याला पारितोषिक नाकारावे लागले. १९६० मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याची सहचरी ओल्गा इविन्स्काया हिला पुन्हा कारावासात जावे लागले. मायदेशात ती कादंबरी छापून आली ती १९८८ मध्ये, त्याच ‘नोवी मीर’मध्ये.

हा इतिहासाचा एक भाग झाला. दुसरा भाग २०१४ मध्ये अधिकृतपणे उजेडात आला. अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर संस्थेने, म्हणजे सीआयएने, खुल्या केलेल्या कागदपत्रांतून असे सिद्ध झाले की, या कादंबरीची एक रशियन आवृत्ती त्या संस्थेनेच हॉलंडमध्ये छापून घेतली आणि १९५८ च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात ती सोव्हिएत प्रवाशांच्या हाती पोचेल अशी व्यवस्था केली.

या कागदपत्रांसमोर विद्यार्थ्याने काय म्हणावे? कादंबरी म्हणजे गुप्तचर संस्थेचे हत्यार, असे म्हटले तर संहितेचा अर्थ तिच्या वितरकाच्या हेतूत विरघळून जातो. टपाल कोणी वाहिले यावरून पत्रातील मजकूर ठरत नाही. उलट, कादंबरी थोर आहे, मग कोणी छापली याला महत्त्व नाही, असे म्हटले तर एक नैतिक तथ्य नजरेआड होते. त्या आवृत्तीसाठी लेखकाची संमती घेतलेली नव्हती आणि तिच्यामुळे वाढणारा धोका मात्र त्याच्याच वाट्याला होता. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे असे मानून वागावे, हे कांटचे तत्त्व येथे दोन्ही बाजूंना लावून पाहता येते. एका सत्तेने पास्तरनाकला इतरांना धाक बसावा म्हणून वापरले, दुसरीने शत्रूची लाज काढण्यासाठी वापरले. माप एकच, आणि त्या मापाने दोन्ही सत्ता दोषी ठरतात. पण त्या सारख्याच दोषी ठरतात काय? ज्या सत्तेने त्याला नागरिक म्हणून बोलू दिले नाही आणि त्याच्या जवळच्या व्यक्तीला कैदेत टाकले, तिचा अपराध आणि ज्या सत्तेने त्याच्या अनुमतीविना त्याची पुस्तके छापली, तिचा अपराध यांत फरक आहे. समान माप लावणारा अभ्यासक हा फरक नोंदवू शकतो. समान अंतराने बांधलेल्या अभ्यासकाला मात्र तो नोंदवण्याची मुभा राहत नाही.

३

येथून एक सोयीस्कर समीकरण तयार होते : तिकडे तुरुंग, इकडे थैली. ते काही अंशी खरे आहे. फेब्रुवारी १९६६ मध्ये टोपणनावांनी परदेशात लेखन छापल्याबद्दल आंद्रेई सिन्याव्स्कीला सात आणि युली डॅनियलला पाच वर्षांच्या श्रमछावणीची शिक्षा झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने, आणि १९६७ मध्ये ‘रॅम्पार्ट्स’ नियतकालिकाने व इतरांनी, जून १९५० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ला याच गुप्तचर संस्थेचा पैसा मिळत असल्याचे उघड केले. काँग्रेसचा प्रशासकीय सूत्रधार मायकेल जॉसेलसन हा तिचाच माणूस होता. लंडनच्या ‘एन्काउंटर’चा सहसंपादक स्टीफन स्पेंडर आणि त्याचा सहकारी फ्रँक करमोड यांनी १९६७ मध्ये राजीनामे दिले.

या प्रकरणात थैलीचे काम नेमके कोणते होते? तिने कोणाकडून खोटे लिहून घेतले असे सहसा दिसत नाही. ज्यांची मते मुळातच तशी होती, त्यांना तिने आवाज दिला. तिचा खरा प्रभाव शोधावयाचा असेल, तर छापलेल्या मजकुरापेक्षा न छापलेल्या मजकुराकडे पाहिले पाहिजे. १९५८ मध्ये ड्वाइट मॅक्डोनल्डचा अमेरिकी जीवनावर कठोर टीका करणारा लेख ‘एन्काउंटर’ने नाकारला आणि तो अन्यत्र प्रसिद्ध झाला. लेखक तुरुंगात गेला नाही. परंतु सांस्कृतिक स्वातंत्र्याचा ध्वज घेतलेल्या नियतकालिकात कोणते स्वातंत्र्य मावत नव्हते, हे या नकारातून कळते.

मराठी अभ्यासकाला हा इतिहास परका नाही. मार्च १९५१ मध्ये याच संघटनेची भारतीय परिषद मुंबईत भरली होती; स्पेंडर आणि ऑडन हे दोघेही तिला आले होते. पन्नासच्या दशकाच्या मध्यास निसिम इझिकेल यांच्या संपादकत्वाखाली मुंबईहून सुरू झालेले ‘क्वेस्ट’ याच वर्तुळातील. आश्रयाच्या उगमाचा शोध लागला म्हणून त्या नियतकालिकातील समीक्षा आपोआप रद्दबातल ठरते काय? आणि आणीबाणीच्या काळात त्याचे प्रकाशन थांबले ही वस्तुस्थिती त्याच्या हिशेबात कोणत्या बाजूला मांडावयाची? विद्यार्थ्याने येथे तीन पायऱ्या वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे : कोणाला माहीत होते, कोणाला माहीत नव्हते, आणि कोणी विचारायला हवे होते पण विचारले नाही. तिसऱ्या पायरीवरील माणसे संख्येने सर्वांत अधिक असतात. नैतिक विवेचनाला मात्र पहिल्या दोन पायऱ्यांचेच आकर्षण असते, कारण तेथे निर्णय सोपा असतो.

४

‘तिकडे तुरुंग, इकडे थैली’ हे समीकरण जेथे मोडते ती जागा दोन राजधान्यांच्या बाहेर आहे. अमेरिकेत पॉल रोबसन या गायकाचे पारपत्र १९५० ते १९५८ या काळात त्याच्या राजकीय मतांमुळे रोखून धरले गेले होते, हे खरे. परंतु अधिक जळजळीत उदाहरण इंडोनेशियाचे आहे. १९६५-६६ मध्ये तेथील लष्कराच्या पुढाकाराने कम्युनिस्टांचे आणि कम्युनिस्ट ठरवल्या गेलेल्यांचे जे हत्याकांड झाले, त्यात अभ्यासकांच्या सर्वसाधारण अंदाजानुसार किमान पाच लाख माणसे मारली गेली. २०१७ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून दिसते की, जाकार्तातील अमेरिकी वकिलातीला या हत्या चालू असतानाच त्यांची माहिती होती. प्रमुद्या अनंता तूर हा कादंबरीकार १९६५ मध्ये पकडला गेला. त्याची ग्रंथसंपदा आणि हस्तलिखिते नष्ट झाली, आणि चौदा वर्षे त्याला खटल्याविना कैदेत ठेवले गेले. त्यांतील दहा वर्षे त्याने बुरू बेटावर काढली. तेथे लेखनसाहित्य मिळत नसताना त्याने आपली कादंबरीमालिका सहकैद्यांना तोंडी सांगितली. १९८० मध्ये तिचा पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आली. म्हणजे ‘स्वतंत्र जगा’च्या बाजूलाही तुरुंग होताच, तो फक्त लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाला दिसणार नाही अशा अंतरावर होता.

परंतु प्रमुद्याचे प्रकरण येथे संपत नाही, आणि मापाची खरी कसोटी येथेच लागते. अटकेपूर्वीच्या वर्षांत तो लेक्रा या डाव्या सांस्कृतिक संघटनेचा प्रमुख आवाज होता. ज्या उदारमतवादी लेखकांनी १९६३ मध्ये आपला ‘सांस्कृतिक जाहीरनामा’ काढला, त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांत लेक्रा अग्रभागी होती. मे १९६४ मध्ये सुकार्नोने त्या जाहीरनाम्यावर बंदी घातली. पुढे जो बळी ठरला तो आधी इतरांचा आवाज दडपणाऱ्यांच्या बाजूला उभा होता. त्याच्या यातनांमुळे त्याची पूर्वीची भूमिका निर्दोष ठरत नाही, आणि त्या भूमिकेमुळे त्याच्या यातनांचे समर्थनही होत नाही. या दोन विधानांना ‘पण’ने न जोडता एकाच परिच्छेदात मांडता येणे, ही शीतयुद्धाच्या अभ्यासकाची प्राथमिक पात्रता मानावी लागेल.

अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकाचे वाचनही या मापाने करून पाहण्यासारखे आहे. हा प्रवास १९६१ चा. म्हणजे ख्रुश्चेवने १९५६ मध्ये स्टालिनच्या अत्याचारांची वाच्यता केल्यानंतरचा. आजचा विद्यार्थी चटकन म्हणतो की, पाहुण्याला जे दाखवले तेच त्याने पाहिले. हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता कामा नये. परंतु त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न विचारला पाहिजे. जातीने शाळेचे दार बंद केलेल्या आणि गिरणगावात वाढलेल्या लेखकासाठी ‘समता’ या शब्दाचा अर्थ मॉस्कोच्या प्रचारखात्याने पुरवलेला होता काय? तो अर्थ त्याच्यापाशी आधीच होता. त्या देशात तो त्या अर्थाचा पुरावा शोधत होता. पुरावा कितपत खरा निघाला हा एक प्रश्न, आणि शोध खरा होता की नाही हा दुसरा. निकालाचे ज्ञान पहिल्याचे उत्तर देते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी मात्र संहितेकडे आणि ती ज्या समाजातून आली त्या समाजाकडेच जावे लागते.

५

शेवटी पुराव्याचा प्रश्न उरतो. अमेरिकेची दप्तरे माहितीच्या कायद्याने आणि ठरावीक मुदतीने, बराच मजकूर काळा करून का होईना, खुली होत राहिली आहेत. मॉस्कोची दप्तरे १९९१ नंतर काही वर्षे खुली होती, पुढे ती पुन्हा आक्रसली. सोव्हिएत दमनाच्या नोंदी जमवणारी ‘मेमोरियल’ ही संस्था विसर्जित करण्याचा आदेश रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. याचा परिणाम विपरीत आहे : जी सत्ता आपली कृत्ये उघड करते तिच्या अपराधांवर अधिक प्रबंध लिहिले जातात आणि जी लपवते तिच्यावर कमी. पुराव्याची विपुलता म्हणजे अपराधाची विपुलता नव्हे. त्याचप्रमाणे, अपराधाची कबुली म्हणजे त्याचे परिमार्जनही नव्हे. त्यातून मराठीतील बहुतेक विद्यार्थी या विषयाची साधने इंग्रजीतूनच वाचतात. रशियन दुर्लभ, इंडोनेशियन त्याहून दुर्लभ. म्हणजे ज्या दोन वादींमध्ये न्याय करावयाचा त्यांपैकी एकाच्याच भाषेत सारी साक्ष ऐकली जाते. ही मर्यादा प्रबंधाच्या प्रस्तावनेत एका औपचारिक वाक्यात नोंदवून भागत नाही. प्रत्येक निष्कर्षाचे वजन करताना ती हिशेबात धरावी लागते.

एवंच, प्रत्येक प्रकरणात विद्यार्थ्याने विचारावयाचे प्रश्न तेच असले पाहिजेत. येथे कोणाचा आवाज बंद झाला आणि तो कोणत्या उपायाने? कोणाला त्याच्या संमतीविना साधन केले गेले? त्या क्षणी त्या माणसाला काय माहीत होते, आणि काय विचारणे त्याला शक्य होते? उत्तरे प्रत्येक ठिकाणी वेगळी येतील. कधी एका सत्तेला अधिक दोष लागेल, कधी दुसरीला, कधी स्वतः लेखकाला. उत्तरे सारखी यावीत अशी अपेक्षा बाळगणे हाही पक्षपातच आहे. त्या काळी प्रत्येकाला ‘तू कोणत्या बाजूचा?’ असे विचारले जात होते. आजच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. या सवलतीचा उपयोग त्याने न्याय टाळण्यासाठी केला, तर ज्यांना बाजू निवडावी लागली आणि तिची किंमत मोजावी लागली, त्यांच्याविषयी बोलण्याचा त्याचा अधिकार दुबळा होतो.