काट्यावरचं पावित्र्य

आजचं वाचन : लेवीय १९:१-१३, ३५-३६

पवित्र म्हटलं की आपल्याला पटकन सोवळं आठवतं. शिवायचं नाही, लांब राहायचं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी लक्ष्मीबाईंनी बराच काळ सोवळं जपलं. जातिभेद माणसानेच केलाय हे पटलं, तेव्हा सोडलं.

या अध्यायात देव आपल्या लोकांना स्वतःसारखं पवित्र व्हायला सांगतो आणि लगेच शेतात उतरतो! कडेचं पीक ठेवा, सरवा गरिबाला वेचू द्या, मजुरी रात्रभर अडवू नका, वजन खरं ठेवा.

आमच्या परभणीत हे वेगळं समजवावं लागत नाही. इथं कापूस वेचणाऱ्या बायांना किलोवर मजुरी मिळते. दिवसभर वाकून वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो. तेव्हा अर्धा किलो कुणाच्या बाजूने धरला जातो? उपासनेत आपण कितीही गोड गायलो, तरी त्या बाईला आपला देव तिथंच दिसतो. किंवा दिसत नाही.

शहरात काटा नाही, फोन आहे. कामवाल्या मावशींचा पगार "उद्या टाकतो" म्हणत चार दिवस राहतो. पाठवायला दहा सेकंद लागतात. वचन १३ मधली मुदत सकाळच्या आतली आहे. आज प्रार्थनेला बसण्याआधी ते अ‍ॅप उघडून बघा.