शिट्टी दिली, मुदत नाही

आमचे एक ज्येष्ठ क्रीडासमीक्षक मित्र आहेत. पोरसवदा सहाय्यकाला उचलून मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर बसवण्याची अमेरिकी साथ आपल्याकडेही शिरते आहे, असं ते हल्ली भेटेल त्याला सांगतात. मूळ वाद तिथल्या कॉलेज फुटबॉलचा. (हातात चेंडू घेऊन समोरच्याच्या अंगावर धावून जायचं, याला ते लोक फुटबॉल म्हणतात, असो.) तिथे मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक कोऑर्डिनेटर असतो. खुर्ची रिकामी झाली की विद्यापीठापुढे पेच पडतो: चार गावचं पाणी प्यायलेला गडी बाहेरून आणावा, की घरातलाच तिशीतला कोऑर्डिनेटर वर घ्यावा? मित्रवर्यांचा निकाल तयार असतो. डावपेच आखणारा वेगळा आणि संसार चालवणारा वेगळा. शिवाय वर, ‘फर्ग्युसन काय एका रात्रीत घडला?’

नाहीच घडला. पण 1974 मध्ये ईस्ट स्टर्लिंगशर या (आपण फुटबॉल म्हणतो त्या खेळातल्या) किरकोळ क्लबाने ॲलेक्स फर्ग्युसनला व्यवस्थापक नेमलं तेव्हा तो 32 वर्षांचा होता. जर्मनीत हॉफेनहाइमने 2016 मध्ये संघ सोपवला तेव्हा युलियान नागेल्समान तर 28 वर्षांचा होता. पिकलेले केस ही पात्रता धरली असती, तर मित्रवर्यांना दाखला द्यायला फर्ग्युसन उरलाच नसता.

तरी त्यांच्या म्हणण्यात दम आहे, आणि तो त्यांच्यापेक्षा लॉरेन्स पीटरने चांगला मांडला आहे. पीटर शिक्षणक्षेत्रातला माणूस. रेमंड हल यांच्यासोबतचं त्याचं पुस्तक 1969 चं. त्याचा सिद्धांत थोडक्यात असा: माणूस आपलं काम चोख करतो म्हणून त्याला बढती मिळते, पुन्हा चोख करतो, पुन्हा बढती, आणि जे काम जमत नाही तिथे पोचला की तिथेच मुक्काम. उत्तम शिक्षकाचा सुमार मुख्याध्यापक होतो. हे वाचून हसू येतं, कारण प्रत्येकाच्या डोळ्यापुढे आपापल्या कचेरीतलं एक नाव येतं. कोऑर्डिनेटरला पीटर अगदी फिट्ट बसतो. बचाव रचणाऱ्याला अकरा जणांची जागा कळते. शंभर पोरं, त्यांचे आईबाप, वर्गणीदार आणि वार्ताहर सांभाळणं हा निराळाच धंदा.

माझं भांडण आहे ते पीटरच्या शिडीशी. तिच्यावर चढता येतं. पण पायरीवर उभं राहून शिकताही येतं, हे तो हिशेबात घेत नाही. नोत्र दाम विद्यापीठाने डिसेंबर 2021 मध्ये बचावाचा कोऑर्डिनेटर मार्कस फ्रीमन याला मुख्य प्रशिक्षक केलं. वय 35. पहिले तिन्ही सामने तो हरला. त्यातला एक घरच्या मैदानावर, मार्शलसारख्या दुय्यम संघाकडून. पीटर म्हणाला असता, झालं, पायरी आली. विद्यापीठाने दम धरला. सप्टेंबर 2024 मध्ये नॉर्दर्न इलिनॉयने त्याला पुन्हा घरीच पाणी पाजलं, आणि त्याच हंगामात, जानेवारी 2025 मध्ये, त्याचा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात उभा होता. हरला तिथेही. पण तीन पराभवांवरून त्याचा निकाल लावला असता तर हा माणूस तिथवर पोचलाच नसता.

आता मला अडचणीचं एक उदाहरण, आणि तेही आमच्याच जिल्ह्यातलं. ताराबाई मोडकांबरोबर अनुताई वाघ 1945 मध्ये बोर्डीला आल्या. पोरं गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, हे त्या दोघींचं काम. अनुताई तेव्हा 35 वर्षांच्या, म्हणजे फ्रीमनच्याच वयाच्या. पण ताराबाई गेल्या 1973 मध्ये. तोवर अनुताई दुसऱ्या क्रमांकावरच होत्या, आणि त्या कामाची सगळी धुरा एकटीवर आली तेव्हा त्या 63 वर्षांच्या होत्या. म्हणजे घाई न करताही माणूस घडतो. इथे तरुण विरुद्ध जुनेजाणते हा वादच निकालात निघतो, माझी बाजूही त्यात आली. अनुताईंना मिळाली ती एकाच मातीत सलग अठ्ठावीस वर्षं. फ्रीमनलाही तेच मिळालं, लहान मापाने.

आणि आपण नेमकं तेच देत नाही. गोव्याचा फुटबॉल प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा घ्या. 2020 च्या सुरुवातीला एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाला काढलं आणि सहाय्यक क्लिफर्डला हंगामी म्हणून उभं केलं. गोव्याने साखळीतलं अव्वल स्थान पटकावलं. पुढच्या हंगामाला दुसरा स्पॅनिश माणूस. 2023 मध्ये ओडिशा एफसीने क्लिफर्डला असंच हंगामी नेमलं, त्याने एप्रिलमध्ये सुपर कप जिंकून दिला. बक्षीस? नव्या हंगामाला कायम प्रशिक्षक म्हणून आले, सर्जिओ लोबेरा! नाटककाराने हे लिहिलं असतं तर आपण त्याला म्हटलं असतं, जरा अति होतंय.

उलट बाजूला खालिद जमील. दुखापतींनी खेळ आटोपला, तेव्हा 2009 मध्ये मुंबई एफसीने 32 व्या वर्षी त्याच्याकडे संघ दिला आणि सात वर्षं ठेवला. त्या काळात डोळे दिपावेत असं काही घडलं नाही. पण तिथून बाहेर पडल्यावर पहिल्याच हंगामात, 2017 मध्ये, त्याने मिझोरामच्या ऐजॉलला आय-लीग जिंकून दिली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. त्या सात निकालशून्य वर्षांचा हिशेब कुणी मांडत नाही.

हे सगळं मी वांगणीहून लिहितो आहे, त्याला कारण आहे. जव्हार-मोखाड्याच्या या पट्ट्यात भात निघालं की शेतं हीच मैदानं. धसकटं अनवाणी तळव्यांना टोचतात, म्हणून पोरं आधी पाय घासत एक चौकोन सपाट करून घेतात. मग कबड्डी, मग प्लास्टिकच्या चेंडूचं क्रिकेट. दिवाळी सरली की निम्मी घरं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरंही त्यांच्याबरोबर. जी आश्रमशाळेत उरतात त्यांना धावायला शिकवणारा सर पंचविशीतला, मानधनावरचा. कुणाचा दम लांब पल्ल्याचा आहे आणि कोण पहिल्याच वळणावर गळतो, हे त्याला मार्चपर्यंत कळतं. जूनला तो परत येईलच असं नाही. जुलै 2025 मध्ये नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांतले रोजंदारी शिक्षक बिऱ्हाड मांडून बसले होते, ते बाह्यस्रोताने भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध. क्रीडासमीक्षकांच्या लेखी ती कामगारविषयक बातमी होती. मला ती खेळाची वाटली. डोंगरापलीकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणलं, तेव्हा प्रत्येकाने तिच्या पायांचं कौतुक केलं. तिला वर्षानुवर्षं पळवणारे विजेंद्र सिंग नाशकात तळ ठोकून होते, याला बातमीत एखादी ओळ मिळाली असेल.

मित्रवर्य म्हणतील, कुठे नोत्र दाम आणि कुठे मोखाड्याचा मानधनी सर! पगाराची तुलना मी करतच नाही. तिकडे कराराचं प्रकरणही वेड्यासारखं आहे. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने 2023 मध्ये मुख्य प्रशिक्षक जिंबो फिशर याला काढताना सात कोटी डॉलरांहून जास्त द्यायचं कबूल केलं. एवढं कुणी मागत नाही. चार हंगामांचा कागद द्या, त्याच शाळेत, त्याच पोरांसाठी. त्यानंतरही पोरं जिल्ह्याच्या पुढे सरकली नाहीत, तर सरांना घरी बसवा म्हणणारं पत्र मी आणि मित्रवर्य मिळून लिहू. मसुदा त्यांनीच करावा, त्यांचा हात त्यात तयार आहे.