समजूत आणि सत्य



२ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाड-पोलादपूरकर विसरलेले नाहीत. सावित्रीला महापूर आला होता आणि मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. त्यानंतर अंधारात आलेल्या दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने नदीत गेली. पुढे पूल आहे, अशीच चालकांची समजूत असणार. समजूत प्रामाणिक होती. पण पूल नव्हता.

आपल्या मनाबाहेर वस्तूंना स्वतंत्र अस्तित्व आहे का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चिद्वादाचा जोर होता. वास्तव हे मनापासून, अनुभवापासून वेगळे काढता येत नाही, असे चिद्वादी मानीत. केंब्रिजचे दोन तरुण, जी. ई. मूर आणि बर्ट्रांड रसेल, याच शिकवणीत वाढले. १८९८ च्या सुमारास मूर यांनी बंड केले आणि रसेल त्यांच्या मागोमाग गेले. १९०३ साली चिद्वादाचे खंडन करणाऱ्या निबंधात मूर यांनी एक साधा भेद दाखवला: निळा रंग दिसणे ही एक गोष्ट, निळा रंग ही दुसरी. पाहणे माझे असते. पण जे पाहिले ते माझ्या मनाचाच भाग आहे, असे त्यावरून ठरत नाही. यालाच वास्तववाद म्हणतात.

त्याआधी १८७४ साली फ्रान्झ ब्रेंटानो यांनी मध्ययुगीन पंडितांचा एक विचार पुन्हा पुढे आणला होता: जाणीव ही नेहमी कशाची तरी जाणीव असते. ब्रेंटानो यांना १८६४ मध्ये गुरुदीक्षा मिळाली होती. पुढे त्यांनी ते पद सोडले.

हा वाद केवळ पंडितांचा आहे का? २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. ते आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. ती खोटी होती. पण परिषदेला आलेल्या माणसांना बसलेला मार खरा होता. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. पाणी बाटलेच नव्हते. बाट होता तो मनात.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. पुलावरच्या चालकांना खात्री करून घ्यायला सवडच मिळाली नाही. त्यांना दोष देता येत नाही. आवईवर विश्वास ठेवणाऱ्यांना मात्र विचारता आले असते. त्यांनी विचारले नाही.

काहींना वाटते, ‘सत्य आहे’ असे म्हणणारा माणूस हट्टी होतो. उलट आहे. सत्य माझ्या मतावर अवलंबून नसेल, तर माझे मत चुकू शकते. मग मला थांबावे लागते, विचारावे लागते, चूक कबूल करावी लागते. शेजाऱ्याविषयी ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी आपण एवढे करतो का?