बाबेलच्या नदीकांठचें गीत

इसवी सनापूर्वीं ५८६ च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्यानें यरुशलेम उद्ध्वस्त केलें, तेथील मंदिर जाळलें आणि पुष्कळ यहुदी लोकांस बंदिवान करून नेलें. हिब्रू स्तोत्रसंहितेंतील १३७ वें स्तोत्र हें त्या बंदिवासाचें गीत. अवघे नऊ श्लोक. परक्या देशाच्या नदीकांठीं रडत बसलेलीं माणसें, झाडांवर टांगून ठेवलेल्या वीणा, जेत्यांनीं थट्टेनें केलेली गाण्याची फर्माईश आणि आपलें नगर न विसरण्याची शपथ, येथवर वाचतांना मन द्रवल्यावांचून राहात नाहीं. आणि मग शेवटच्या श्लोकांत कवि शत्रूचीं तान्हीं बाळें खडकावर आपटणाराला धन्य म्हणतो!

हें ईश्वरासमोर उच्चारावें काय? रोमन कॅथलिक पंथाचा नित्य प्रार्थनाग्रंथ १९७१ सालीं नव्यानें सिद्ध झाला, तेव्हां त्यांतून या गीताचे शेवटचे तीन श्लोक गाळण्यांत आले. ५८, ८३ व १०९ हीं स्तोत्रें तर समूळ वगळलीं गेलीं. गाळणारांचा हेतु शुद्ध होता, याविषयीं शंका नको. असले शब्द आपल्या मुलाच्या तोंडीं घालावयास कोणती आई धजेल?

तरीहि ही काटछाट मला पटत नाहीं. ज्याच्या तोंडीं हें गीत आहे त्याच्या हातीं शस्त्र नाहीं. स्वतःच्या नगरांतील बालकांची काय गति झाली, हें त्याला ठाऊक असणारच. त्यानें सूड उगविलेला नाहीं. सूडाची वासना, होती तशी, देवापुढें आणून टाकली आहे. देवापुढें धुतलेलें मनच न्यावयाचें असेल, तर मळलेलें मन धुवावयास न्यावें तरी कोठें?

मात्र येथें एक भय आहे, आणि तें लहान नाहीं. बंदिवानाच्या कंठांतून निघणारा जो आक्रोश, तोच फौजफाटा बाळगणाराच्या मुखीं आला कीं आज्ञा होतो. शब्द एक, पाप वेगळें. पोटभर जेवून, सुरक्षित घरांत बसून हे श्लोक सुखानें आळवणाराची मला धास्ती वाटते.

यहुदी परंपरेंत एक जुनी चाल आहे. ती आतां सर्वत्र पाळली जात नाहीं, ही गोष्ट वेगळी. साध्या दिवशीं जेवण झाल्यावर, आभाराच्या प्रार्थनेपूर्वीं, हें गीत म्हणतात, तेंहि एकहि श्लोक न गाळतां. शब्बाथाला व सणाच्या दिवशीं मात्र तें बाजूला राहतें, आणि त्याच जेवणानंतर १२६ वें स्तोत्र म्हणतात. तें परत आलेल्या बंदिवानांच्या हंसण्याचें आहे.