भिंतीवरचा तारपा

शहरातली भिंत सजवायची म्हटले की वारली चित्र हमखास निघते. मधोमध तारपा वाजवणारा, भोवती नाचणाऱ्यांचा फेर. छत्रपती संभाजीनगरातल्या गारखेड्यापासून मुंबईतल्या गिरगावापर्यंत हा तारपा आता ओळखीचा झाला आहे. त्याच गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे पहाटे भरतीच्या तयारीला निघालेल्यांत कन्नड-सोयगावकडचे एखादे भिल्ल किंवा ठाकर पोरही असू शकते. त्याची बोली मात्र शहराच्या कानावर क्वचितच पडते. भिंतीला चालते ते वर्गाला चालत नाही, असा हा व्यवहार.

डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा व्यवहार 1950 च्या दशकातच उलटा केला. वारली मुले शाळेत येत नाहीत, ही तक्रार जुनीच. पण पोर गुरांमागे गेले नाही तर घरचे काम अडते, हे या दोघींनी ओळखले. मग शाळाच कुरणात गेली. नावही पडले कुरणशाळा. लहानग्यांसाठी पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरली. मोजायला, रचायला बिया, खडे, शिंपले आले. महागडी माँटेसरी साधने परवडणारी नव्हती, हे खरेच. पण पोराच्या हाताला आधीच ठाऊक असलेल्या वस्तूपासून गणित सुरू करण्यात काटकसरीपेक्षा शहाणपण जास्त होते. अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर गेला. कुरणशाळेचे नाव आज कितीजणांना आठवते?

पुढे नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या बुडितात आलेल्या चिमलखेडी, निमगव्हाण या आदिवासी गावांत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा निघाल्या. तिथे आदिवासी बोलीचा हात धरूनच मुले मराठीकडे गेली.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्याने नोटीस काढून ती विनापरवाना ठरवली. शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवा, असे 2020 चे राष्ट्रीय धोरणच सांगते. पण धोरण आणि नोटीस यांची गाठ पडत नाही.

बोलीत शिकून नोकरी कोण देणार, असे आईबाप विचारतात. प्रश्न रास्त आहे. भरतीचा पेपर काही भिलीत निघत नाही. मराठी, इंग्रजी यायलाच हवी. पण पहिलीच्या पोराला वर्गात काहीच कळले नाही, तर भरतीच्या पेपरापर्यंत ते पोचणार कसे?

गारखेड्यातल्या शिक्षकांना ग्रामसभेची वाट पाहायची गरज नाही. स्नेहसंमेलनात तारपा नाच बसवण्याआधी वर्गातल्या आदिवासी मुलाला एखादी वस्तू दाखवून एवढेच विचारावे: याला तुमच्याकडे काय म्हणतात? आणि तो शब्द फळ्यावर लिहावा.